बस्टचा चेहरा पुन्हा पुन्हा पिठूळ होतोय? आधी पाणी लावून बघा

सैनिकाच्या बस्टवर, म्हणजे डोकं-छातीच्या छोट्या पुतळ्यावर, मूळ रंग एकसारखा बसलेला असतो, डोळ्यांखालच्या आणि हनुवटीखालच्या सावल्याही जमलेल्या असतात. मग कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं उजळायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या हाताला चेहऱ्यावर चुना फासल्यासारखा भुरका थर दिसू लागतो. तो झाकायला आणखी एक हात मारावा तर अजून पांढरट. शेवटी सगळं काढून नव्याने सुरुवात होते आणि पुढच्या बस्टवर पुन्हा तेच. अ‍ॅक्रिलिक रंगांनी सैनिकांचे बस्ट रंगवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार.

लहान आकृत्यांवर हा दोष लपून जातो. माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ सेंमी धरलं, तर १/३५ मापात ते साडेसहा मिमी भरतं आणि १/१० मापात २३ मिमी. साडेसहा मिलिमीटरमध्ये सावली-उजेडाचा फरक ठळकच ठेवावा लागतो आणि त्या ठळकपणात रंगाची खरखर बुडून जाते. बस्टचा गाल मात्र मोकळा आणि गुळगुळीत असतो, तिथे कणही लपत नाही. म्हणून १/३५ वर वर्षानुवर्षं चाललेली सवय बस्टवर अचानक नडते.

आपण सरसकट ज्याला पिठूळपणा म्हणतो, त्यात चार वेगळे दोष असतात. रंगातच पांढरा जास्त झालेला असतो, किंवा पृष्ठभाग रवाळ झालेला असतो, किंवा रंगाला धरून ठेवणारा बाइंडर कमी पडलेला असतो, किंवा वार्निश पांढरं पडलेलं असतं. हातभर अंतरावरून चारही सारखेच दिसतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. बाइंडर कमी पडलेल्या चेहऱ्यावर पाण्यासारखे पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचे थर, चढवत राहिलात तर तो आणखी भुकटीसारखा होतो. रवाळ पृष्ठभागावर कितीही सुंदर छटा कालवली तरी रवे तसेच राहतात.

निदान: दहा मिनिटांच्या तीन चाचण्या

बस्ट रात्रभर वाळू द्या. अ‍ॅक्रिलिक रंग बोटाला काही मिनिटांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला वेळ घेतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर केलेली चाचणी फसवते.

पहिली चाचणी पाण्याची. स्वच्छ ब्रशने पांढरट भागावर साध्या पाण्याचा पातळ थर द्या आणि शेजारच्या नीट जमलेल्या सावलीच्या भागावरही द्या. ओला झाल्यावर पांढरटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष रंगछटेत नसून पृष्ठभागात आहे. कोरड्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, प्रत्येक कणाच्या कडेवर उजेड विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. पाणी त्या पोकळ्या भरतं म्हणून खरा रंग वर येतो. कोरडी माती भिजल्यावर गडद होते ते याच कारणाने. कुठलाही मॅट, म्हणजे बिनतकाकीचा, रंग ओला झाल्यावर थोडा गडद होतोच, म्हणूनच शेजारी चांगला भाग भिजवून तुलना करायची. दोन्हीकडे फरक सारखाच पडला आणि पांढरटपणा ओल्यातही कायम राहिला, तर छटाच चुकलेली आहे.

दुसरी चाचणी तिरक्या उजेडाची. दिवा बस्टच्या बाजूला, गालाच्या पातळीत आणा, जेणेकरून प्रकाश त्वचेला घासून जाईल. रवे असतील तर त्यांच्या बारीक सावल्या लगेच दिसतात. हे भिंगाखाली बघा.

तिसरी चाचणी कोरड्या कापसाची. कानात घालायची कापसाची काडी पांढरट भागावर हलकेच चार-पाच वेळा फिरवा. कापसाला रंग लागला तर बाइंडर कमी आहे. काहीच लागलं नाही, तिरक्या उजेडात रवेही दिसत नाहीत आणि तरी पाण्याने पांढरटपणा जातो, तर संशय वार्निशवर घ्या.

छटा चुकली असेल तर

सर्वाधिक चेहरे इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

बाटलीतला पांढरा म्हणजे बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची झाकण्याची ताकद प्रचंड असते आणि तो थंड असतो. अडचण अशी, की पांढऱ्याचा अर्धपारदर्शक थर गडद तपकिरीवर चढवला की तो निळसर-राखाडी दिसतो. त्वचेवर हाच निळसरपणा आपल्याला राख फासल्यासारखा वाटतो. मूळ रंगात थेंब थेंब पांढरा मिसळत उजळ छटा करायची पद्धत सोपी आहे, पण उजळपणासोबत ती रंगाची ऊब काढून घेते. चेहरा उजळतो आणि त्याच वेळी मरतो.

उजळण्यासाठी पांढऱ्याऐवजी आधीच ऊब असलेले फिके रंग वापरा. व्हायेहो (Vallejo) कंपनीच्या मॉडेल कलर रंगांच्या बाटल्या धरून उन्हापावसातल्या गोऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यासाठी एक चालणारं मिश्रण असं:

मूळ रंग: बेज रेड २ थेंब, फ्लॅट फ्लेश २ थेंब, कॅव्हलरी ब्राउन १ थेंब.
सावली: मूळ रंग आणि हल रेड समप्रमाणात.
पहिली उजळ छटा: मूळ रंग २ भाग, फ्लॅट फ्लेश १ भाग.
दुसरी: पहिल्या छटेत तेवढाच बेसिक स्किनटोन.
तिसरी: दुसऱ्या छटेत अर्धा भाग लाइट फ्लेश.
शेवटचे टिपके: लाइट फ्लेशमध्ये किंचित आइस यलो, तेही फक्त नाकाचा शेंडा, खालच्या ओठाची कड आणि भुवईवरचा उंचवटा एवढ्यावरच.

यात शुद्ध पांढरा कुठेच नाही. दुसऱ्या कंपनीचे रंग असतील तर नावं सोडा, तत्त्व धरा: प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी उजळ आणि थोडी पिवळसर किंवा गुलाबी. पायरी फार मोठी झाली का, हे तपासायला नव्या रंगाचा टिपका पॅलेटवर आधीच्या टिपक्याला चिकटवून टाका. हात लांब करून बघितल्यावर दोघांमधली रेघ ठळक दिसत असेल तर मधली एक छटा आणखी हवी.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पांढरा तर लगेच राख होतो. तिथे उजळ छटेसाठी ऑरेंज ब्राउन, पुढे सनी स्किनटोन अशा नारिंगी-तपकिरी वाटेने चढा आणि उजळ भागांचं क्षेत्रफळ कमी ठेवा. गडद त्वचेचा उजेड तिच्या तकाकीतून येतो. कपाळावर आणि गालाच्या हाडावर लहान, तीक्ष्ण चमक असते, बाकी पृष्ठभाग खोल राहतो. गोऱ्या चेहऱ्याचा आराखडा तसाच उचलून तपकिरी रंगात उतरवला तर चेहरा हमखास धुळकट दिसतो.

सैनिकी चेहऱ्यांचा खास सापळा म्हणजे दाढीची सावली. जबड्यावर खुंटांचा भास आणायला राखाडी वापरतात आणि त्या राखाडीतही पांढरा असतो. परिणाम: अर्धा चेहरा पीठ सांडल्यासारखा. त्याऐवजी मूळ त्वचेच्या रंगात गडद निळा अगदी ब्रशच्या टोकावर येईल एवढाच मिसळा, खूप पातळ करा आणि तीन-चार हातांत जबडा, वरचा ओठ आणि कल्ल्यांखालचा भाग थंड करा. शेवटी हनुवटीच्या टोकावर त्वचेचा रंग परत आणा. शिरस्त्राणाचा हनुवटीपट्टा असेल तर त्याच्या कडेने एक बारीक तपकिरी-लाल रेघ द्या. पट्टा गालापासून सुटा दिसतो आणि गाल आणखी उजळवण्याचा मोह टळतो.

चेहरा आधीच पांढरट झाला असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर काहीही काढायची गरज नाही. मूळ रंग १ थेंब, ग्लेझ मीडियम (रंगाविना बाइंडर) १ थेंब, पाणी ४ ते ५ थेंब असं मिश्रण करा, त्यात ऊब हवी असेल तर लालाचा किंचित अंश घाला. ब्रश भिजवा, टिश्यूवर टेकवून जास्तीचं पाणी सोडा आणि पांढरट भागाच्या कडेपासून सावलीकडे ओढा. रंगाचे कण ब्रशचा फटकारा जिथे संपतो तिथे साठतात, त्यामुळे ग्लेझ सावलीकडे संपवायचं आणि उजळ छटा उंचवट्याकडे संपवायची. ही एक गोष्ट हाताला लागली की अर्धं काम होतं. दोन-तीन हातांत चेहरा परत उबदार होतो. मग सर्वांत उंच टिपके तेवढे पुन्हा द्या.

पृष्ठभाग रवाळ असेल तर

रवे प्रायमरपासून, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापासून, आले की रंगापासून, हे आधी ठरवा. त्याच बस्टचा अजून न रंगवलेला भाग, उदाहरणार्थ पाठीमागची कॉलर किंवा खालचा काप, तिरक्या उजेडात बघा. तिथेही रवे असतील तर दोष प्रायमरचा. स्प्रेचा डबा फार लांबून मारला किंवा हवा गरम आणि कोरडी असली की थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभागावर रव्यासारखे बसतात. २० ते ३० सेंमी अंतर ठेवून, बस्टच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच संपवत, पातळ हात मारा. चेहऱ्यासाठी एअरब्रशने (हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या छोट्या साधनाने) मारलेला बारीक प्रायमर, जसं की मिस्टर सर्फेसर १५००, चांगल्या थिनरमध्ये पातळ करून, जास्त विश्वासाचा. वाळल्यावर २००० ग्रिटच्या मऊ स्पंजने पाणी लावून गाल आणि कपाळ हलकं घासा. थ्रीडी छपाईच्या बस्टवर थरांच्या बारीक रेघा असतील तर त्या इथेच निघायला हव्यात, नंतर रंग त्या रेघा भरत नाही, ठळकच करतो.

प्रायमर गुळगुळीत असेल तर दोष ब्रशच्या कामात आहे आणि त्यातही अर्धवट वाळलेल्या रंगावर परत ब्रश नेण्यात. अ‍ॅक्रिलिकचा थर वाळताना एका टप्प्यावर ना ओला असतो ना कोरडा. कड वाळलेली, मध्य ओलसर. त्या वेळी पुन्हा ब्रश फिरवला की वरची कातडी फाटते, तिचे तुकडे गोळे होऊन तिथेच चिकटतात. पुढच्या हातात त्या गोळ्यांच्या डोक्यांना उजळ रंग आधी लागतो, म्हणून प्रत्येक थराबरोबर ते ठळक होत जातात. उजळ छटांमध्येच रवे दिसतात आणि सावलीत दिसत नाहीत, त्याचं कारण हे.

यावर शिस्त एवढीच: एक फटकारा दिला की त्या जागेला हात लावायचा नाही. चेहऱ्याचे भाग पाडून फिरतं काम करा: कपाळ, मग डावा गाल, मग हनुवटी, मग उजवा गाल, आणि कपाळाकडे परत येईपर्यंत ते वाळलेलं असतं. घाई असेल तर केस वाळवायचं यंत्र सौम्य उष्णतेवर, हातभर अंतरावरून, काही सेकंद. फार जवळ धरलं तर ओला रंग ढकलला जातो आणि कडेला वलय पडतं.

या वलयाचं मूळही समजून घ्या. थेंबाच्या कडेला पाणी आधी उडतं, ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत रंगाचे कण नेतं. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद असतो तो असाच. म्हणजे वलय दिसलं तर रंग पातळ होता म्हणून नव्हे, ब्रशमध्ये तो जास्त होता म्हणून. पातळपणा तोच ठेवा, टिश्यूवर ब्रश टेकवा.

पॅलेटकडेही बघा. उघड्या पॅलेटवर रंगाची साय धरते आणि तिचे तुकडे ब्रशबरोबर चेहऱ्यावर येतात. वेट पॅलेट वापरा, स्पंज पूर्ण भिजलेला पण वर पाणी न साचलेला, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. पंखा थेट कामावर नको, तापणारा दिवाही अगदी जवळ नको. रंग ब्रशवरच वाळत असेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला, पण पाच-सहा थेंब रंगाला एकापेक्षा जास्त थेंब नको, नाहीतर थर दिवसभर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

रवे आधीच बसले असतील तर रंग रात्रभर वाळू द्या, मग २००० ते ३००० ग्रिटचा स्पंज भिजवून वजन न देता गोल फिरवा. खाली प्रायमर दिसू लागला तर थांबा. घासलेली जागा पुसून मूळ रंगाचे दोन पातळ हात द्या आणि तिथून छटा परत चढवा. नाकपुड्यांच्या कोपऱ्यात स्पंज पोचत नाही, तिथे टोकदार लाकडी काडीला सँडपेपरचा बारीक तुकडा चिकटवा.

बाइंडर कमी पडला असेल तर

रंगात पाणी जितकं घालाल तितका बाइंडर विरळ होतो. एक-दोन हात तसे चालतात, पण दहा भाग पाण्यातले पंधरा-वीस ग्लेझ एकावर एक बसले की कण एकमेकांना धरून राहत नाहीत. कापसाला रंग लागतो तो इथे. १:५ च्या पलीकडे पातळ करायचं असेल तर पाण्याचा काही भाग ग्लेझ मीडियमने बदला. मीडियम जास्त झालं तर त्वचा चकाकते, पण ती चकाकी नंतर मॅट वार्निशने मारता येते. भुकटी झालेला थर मात्र सांभाळणं अवघड.

बाटली नीट न हलवल्यानेही हेच होतं. मॅट रंगात तकाकी मारणारी पूड असते आणि ती तळाशी बसते. वरचा भाग ओतला तर चकाकणारा पातळ रंग, तळ ओतला तर पीठ. एक मिनिट पुरतं हलवा, बाटलीत स्टीलची गोळी टाकलेली असेल तर उत्तम. स्केल७५ सारखे मुळातच अतिमॅट वाळणारे रंग त्वचेवर वापरत असाल तर थोडं मीडियम पहिल्यापासूनच घाला.

आणखी दोन कारणं पटकन लक्षात येत नाहीत. एक, जड पाणी: त्यातले क्षार अनेक पातळ हातांनंतर पांढरी पापुद्री सोडतात, म्हणून रंग पातळ करायला डिस्टिल्ड पाणी घ्या. दुसरं, थंडी: फार कमी तापमानात अ‍ॅक्रिलिकची सलग फिल्म तयारच होत नाही आणि थर कोरडा पडून भुरभुरतो. खोली १५ अंशांच्या वर ठेवा.

कापसाला रंग लागलेला चेहरा वाचवायचा असेल तर ब्रशने घासू नका. एअरब्रशने पातळ केलेल्या सॅटिन (मध्यम तकाकीच्या) वार्निशचे दोन धुक्यासारखे हात मारा आणि रात्रभर ठेवा. ते वार्निश पोकळ्यांत शिरून कण धरतं. पाण्याच्या चाचणीत जो रंग दिसला होता, साधारण तोच वर येतो, आणि बऱ्याच वेळा आणखी काही करायला लागत नाही.

वार्निश पांढरं पडलं असेल तर

संध्याकाळपर्यंत चेहरा उत्तम होता, मॅट वार्निश मारलं आणि सकाळी धुकं. थर जाड झाला, पूड तळाशी राहून शेवटी एकदम आली, किंवा दमट हवेत लॅकर (पाण्याऐवजी तीव्र द्रावकातलं) वार्निश मारलं आणि ओल आत अडकली. पहिल्या दोन कारणांवर पातळ ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा हात द्या, धुकं विरतं. वाळल्यावर वरून सॅटिन, आणि मॅट हवंच असेल तर ते शेवटी अगदी विरळ. लॅकरमधली ओल असेल तर कोरड्या हवेत लॅकरच्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा वरचा थर पुन्हा सैल करतो आणि ओल निघून जाते. ओला होईल इतका मारला तर खालचा अ‍ॅक्रिलिकही उचलला जाईल. कुठलंही नवं वार्निश आधी प्लास्टिकच्या चमच्यावर गडद रंग देऊन त्यावर तपासा, गडद रंगावर धुकं लगेच कळतं.

चेहऱ्याला संपूर्ण मॅट करायचा हट्टच सोडलेला बरा. त्वचा सॅटिन असते, ओठ आणि नाकाचा शेंडा थोडे जास्त, डोळे ग्लॉस. चेहऱ्याला सॅटिन आणि लोकरी गणवेशाला मॅट दिलं तर दोन पदार्थ वेगळे दिसतात आणि चेहऱ्याचा उरलासुरला पिठूळपणाही जातो. गणवेशावर थोडी खरखर उलट शोभते. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाचे छातीवरचे एकमेकांना छेदणारे तिरपे पट्टे पाइपक्लेने, म्हणजे पांढऱ्या मातीनेच, पांढरे केलेले असत, तिथे खडूसारखा मॅटपणा हवाच. तोच बस्ट रंगवताना पट्ट्याचा रंग ब्रशमध्ये उरला आणि चेहऱ्याला लागला, असं मात्र होऊ देऊ नका. पांढऱ्यासाठी वेगळा ब्रश आणि वेगळं पाणी ठेवा. ढवळलेल्या पांढरट पाण्यात धुतलेला ब्रश पुढच्या प्रत्येक ग्लेझमध्ये पांढरा घेऊन जातो, आणि छटा चुकल्याची निम्मी प्रकरणं या ग्लासातूनच निघतात.

सगळं काढायची वेळ आली तर

रवे नाक-डोळ्यांचा घाट बुजवण्याइतके साठले असतील तरच चेहरा उघडा करा. पॉलियुरेथेन रेझिनच्या बस्टवर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी आणि मऊ टूथब्रश पुरतो. पाण्यावरचा प्रायमरही सोबत निघतो, लॅकर प्रायमर बहुधा टिकतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. थ्रीडी छपाईच्या बस्टला अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका. लांब बुडवणीने ते रेझिन मऊ पडतं, कानाच्या पाळ्या आणि टोपीच्या कडा तडकतात. पाच-दहा मिनिटं काडीने काम करायचं, पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्या प्रायमरनंतर पहिला हात मारायच्या आधी एकदा तिरका उजेड टाकून गाल बघून घ्या.